पाचशे एकरांची रेघ आणि पाड्यावरचं घर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘घर पाहावं बांधून’ असं म्हणणाऱ्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर विटा, चुना, गवंडी आणि उसनवारी एवढ्याच अडचणी असतील. आज घर बांधायला निघालेल्या माणसाला त्याआधी एक नकाशा ओलांडावा लागतो. तुमची जागा रहिवास क्षेत्रात आहे, शेतीच्या पट्ट्यात आहे, हरित पट्ट्यात आहे की उद्योगासाठी राखलेली आहे, हे तो नकाशा सांगतो. घराच्या ओसरीवर दुकान काढायचं असेल, एखादं यंत्र बसवायचं असेल, मुलाच्या लग्नानंतर मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवायच्या असतील, तरी प्रश्न तोच. तुमचा गट नंबर कोणत्या रंगात पडतो?

या रंगीत नकाशाबद्दल आज मला आपल्याशी बोलायचं आहे. निमित्त आहे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचं. जमिनीच्या वापराचे नियम आपल्याकडे सगळ्याच शहरांना आणि तालुक्यांना असतात. पण एका अख्ख्या तालुक्यात किती जमिनीवर उद्योग उभा राहील याची कमाल मर्यादा केंद्र सरकारने एकरांत मोजून दिली, असं डहाणूसारखं उदाहरण विरळाच. ही मर्यादा घालून आता तीन दशकं उलटून गेली आहेत. नियम बदलायला हवेत असं जो तो म्हणतो. प्रश्न आहे तो कुणासाठी बदलायचे आणि कोणत्या टोकापासून सुरुवात करायची, हा.

नकाशा आला कुठून?

जमिनीची अशी वाटणी करण्याची कल्पना शहरांत जन्मली. गिरणीच्या धुराड्याशेजारी माणसं राहू लागली, उंच इमारतींनी शेजारच्यांचा उजेड अडवला, तेव्हा कुठे काय असावं याचे नियम झाले. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली असा सर्व शहराला लागू होणारा नियम केला. आपल्या मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा त्याच्याही एक वर्ष आधी, १९१५ साली आला होता. आज महाराष्ट्रात जो चालतो तो १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा. शहरासाठी विकास आराखडा आणि मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, अशी त्याची दोन अंगं आहेत. शहराचा आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा तपासून सुधारावा, असं हा कायदाच सांगतो. म्हणजे नियम बदलणं हे काही पाप नाही. वाढत्या मुलाचा सदरा दर दोन वर्षांनी बदलावाच लागतो. मात्र माप मुलाचं घ्यायचं असतं, शिंप्याच्या सोयीचं नव्हे.

डहाणूचं माप १९९१ साली घेतलं गेलं. त्याची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. एका बाजूला समुद्र, खाड्या, मिठागरं. मध्ये चिकूच्या वाड्या. पूर्वेला जंगल आणि डोंगरातले वारली, कोकणा, धोडी, दुबळा समाजाचे पाडे, असा हा तालुका. मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर. दक्षिणेला पालघर तालुक्यात तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला गुजरात ओलांडताच उंबरगाव, सरीगाम आणि पुढे वापीचे कारखाने. या दोन्हींच्या मधोमध डहाणू हिरवा राहिला होता. तिथे ५०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प यायचं ठरलं, तेव्हा बागायतदार आणि पर्यावरणाचं काम करणारी मंडळी न्यायालयात गेली. प्रकल्प काही थांबला नाही. पण त्याच्यामागून कारखान्यांची रांग लागेल ही भीती खरी होती, आणि ती केंद्र सरकारनेही मान्य केली.

२० जून १९९१ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवण्यात आला. उद्योगांच्या तीन याद्या झाल्या. हिरव्या यादीतले उद्योग राज्य सरकारच्या परवानगीने चालतील, नारिंगी यादीतल्यांना पुरेशी काळजी घेऊन केंद्राच्या मान्यतेने जागा मिळेल आणि लाल यादीतल्यांना तालुक्यात प्रवेशच नाही. साऱ्या तालुक्यात मिळून उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन. बागा, हिरवे पट्टे, आदिवासी क्षेत्र यांचा वापर बदलायचा नाही. या साऱ्याची प्रादेशिक योजना राज्याने तयार करायची. तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचा, अशीही अट आली.

पाचशे एकर म्हणजे साधारण दोन चौरस किलोमीटर. डहाणू तालुक्याचं क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरच्या थोडं आत आहे. म्हणजे हजारात दोन वाटे उद्योगाला आणि बाकी सारं शेतीला, जंगलाला, वस्तीला. इतकी कडक रेघ.

रेघ ओढली, राखली कुणी?

कागदावरची रेघ आपोआप राखली जात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. डहाणूची रेघ राखली जात नाही अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ‘बिट्टू सहगल विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडून पाहणी करून घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला. या निकालानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांचं निधन होईपर्यंत त्यांचं नाव या प्राधिकरणाशी जोडलेलं राहिलं.

या प्राधिकरणाने काय केलं याची दोन उदाहरणं पुरेत. वीज प्रकल्पाच्या धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवा, असा आदेश त्याने १९९९ साली दिला. कंपनीने वेळ काढला, प्रकरण वरपर्यंत गेलं, पण २००७ साली यंत्रणा सुरू झाली. भारतात अशी यंत्रणा असलेली वीज केंद्रं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. दुसरं उदाहरण वाढवणचं. त्या किनाऱ्यावर मोठं बंदर बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा १९९८ साली प्राधिकरणाने तो नाकारला.

त्यामुळे डहाणूच्या नियमांनी काहीच साधलं नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. घोलवड-बोर्डीच्या वाड्या आज उभ्या आहेत. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळाला मान मिळतो तो मातीमुळे आणि हवेमुळे, आणि ती माती-हवा राखण्यात या रेघेचा वाटा नक्कीच आहे.

यादीत नसलेली माणसं

पण श्रोतेहो, या नियमांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. अधिसूचना लिहिताना डोळ्यांसमोर कारखाना होता. मोठं धुराडं, मोठी भिंत, रसायनांचे पिंप. साध्या माणसाचं घर आणि त्याचा लहानसा धंदा त्या कागदात कुठे बसतो याचा विचार पुरेसा झाला नाही.

आधी घराचंच घ्या. आपला महसुली कायदा घर म्हटलं की गावठाण धरतो. मध्ये दाटीची वस्ती, भोवती शेतं, असं देशावरच्या गावाचं चित्र त्यामागे आहे. गावठाणाला हद्द असते, हद्दीच्या आत घर बांधायला फारशी अडचण नसते आणि लोकसंख्या वाढली की गावठाण वाढवून घ्यायचं. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यात घर बांधण्यासाठी बिनशेतीची वाट सोपी करण्यात आली. देशावरच्या गावाला हे सोयीचं आहे. पण डहाणू-तलासरीच्या पूर्व भागात गाव असं नसतंच. तिथे पाडे असतात. एका महसुली गावात आठ-दहा पाडे, एकमेकांपासून लांब. आणि पाड्यातही घरं चिकटून नाहीत. प्रत्येकाचं घर त्याच्या शेताच्या कडेला. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा, पुढे अंगण, मागे वाडगं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटर मोजायला गेलात तर अर्धे पाडे त्या मोजपट्टीत येतच नाहीत. नकाशात ही घरं शेतीच्या किंवा हरित रंगात दिसतात. तीन पिढ्या तिथे राहिलेला माणूस त्या रंगाच्या हिशेबाने शेतात राहणारा, गावठाणाबाहेरचा ठरतो.

कित्येक पाडे तर वनजमिनीला लागून आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. पण घरात तिसरी पिढी वाढली, वेगळी चूल मांडायची, तर नवं घर कुठे बांधायचं, हा प्रश्न राहिलाच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात या कायद्यात महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला आणि शेजारच्या वनक्षेत्रात घरासाठी जागा देण्याची वाट मोकळी केली. ही सुधारणा महत्त्वाची आहे, कारण ती घरापासून सुरू झाली. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. तलासरीत तर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत. हा बदल प्रत्येक पाड्यावर पोचला की नाही, हे तपासणं नियम सुधारणाऱ्यांचं पहिलं काम असायला हवं.

आता धंद्याचं पाहू. चिंचणी, वरोर, वाढवण, वाणगाव या पट्ट्यात सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठी लागणारे डाय, म्हणजे पोलादी साचे, कोरण्याचा व्यवसाय घराघरांत चालतो. खोलीत एक टेबल, दिवा, पकड, कोरण्या आणि कारागिराची नजर. मुंबईच्या आणि बाहेरच्या सराफ बाजारातली नक्षी या खेड्यांतल्या ओसरीवर जन्माला येते. हा उद्योग म्हणायचा की घरकाम? डहाणू शहरात फुगे तयार करण्याचे लहान कारखाने आहेत. बोर्डीच्या किनाऱ्यालगत लोक घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. कुणी पाड्यावर पिठाची गिरणी चालवतो, कुणी चिकूच्या चकत्या वाळवून विकतो. या सगळ्यांना एकाच ‘उद्योग’ या शब्दाखाली आणलं तर ओल्याबरोबर सुकंही जळतं. आणि नियमच नाही असं ठरवलं, तर साचे कोरणाऱ्याच्या नावाने उद्या तिथे गॅल्व्हनायझिंगचे आम्लाचे हौद येऊन बसतील.

जपानमध्ये यावर एक सोपा तोडगा आहे. तिथे सर्वात कडक रहिवास क्षेत्रातही घराच्या आत लहान दुकान किंवा कामाची जागा चालते. अट एवढीच की ती घराच्या निम्म्याहून कमी असावी आणि ५० चौरस मीटरच्या आत असावी. धंद्याचं नाव काय यावर सारं सोडून न देता, तो केवढा आहे आणि शेजाऱ्याला त्याचा किती त्रास होतो, हे पाहायचं. हे आपल्याला सहज समजण्यासारखं आहे. आपल्या आळीतला शिंपी, सोनार, कासार असाच तर राहत होता. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड.

सीमेपलीकडचा भोंगा

तलासरीची गोष्ट आणखी वेगळी. १९९१ ची अधिसूचना डहाणू तालुक्याची. तलासरी शेजारचा तालुका. पण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात तो सापडतो. म्हणजे डहाणूला संरक्षण मिळालं आणि त्याचं कुंपण तलासरीच्या अंगणात आलं. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. तिथे भिलाड, सरीगाम, उंबरगाव इथले कारखाने भोंगा देतात आणि तलासरीच्या पाड्यांवरची तरुण मुलं-मुली टेम्पो, जीप, रेल्वे धरून तिकडे कामाला जातात. धूर काही राज्याची हद्द ओळखत नाही. तो इकडेही येतो. रोजगार मात्र हद्दीपलीकडे राहतो आणि कराची रक्कमही तिकडेच जमा होते.

याचा अर्थ तलासरीत रसायनांचे कारखाने आणावेत, असा मी काढत नाही. तारापूरच्या नाल्यांची आणि किनाऱ्याची अवस्था आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण भाताच्या गिरण्या, फळप्रक्रिया, शीतगृह, गवत आणि बांबूची कामं, शेती अवजारांची दुरुस्ती, शिवणकाम यांना तालुक्यात निश्चित जागा आणि सोपा परवाना मिळाला पाहिजे. ‘नको’ म्हणायची यादी जेवढ्या काळजीने केली, तेवढ्याच काळजीने ‘चालेल’ म्हणायची यादी करायला हवी होती. ती न केल्यामुळे नियम हा शब्द पाड्यावर अडवणुकीच्या अर्थाने ऐकू येतो.

परिस्थिती आता झपाट्याने बदलते आहे. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली. विरारला घर न परवडणारा माणूस पुढचं स्टेशन पाहू लागला. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, यांच्या रेषा याच दोन तालुक्यांतून गेल्या. आणि वाढवणचं बंदर पुन्हा आलं.

शब्दाची किंमत

वाढवणच्या बाबतीत काय घडलं ते नियमांच्या दृष्टीने नीट समजून घेण्यासारखं आहे. १९९८ साली जे बंदर बसत नव्हतं, ते पुढे बसलं. मधल्या काळात समुद्र, खडक, मासे काही हलले नव्हते. बदलला तो वर्गवारीतला शब्द. बंदर हा ‘उद्योग’ न धरता ‘बिगर-औद्योगिक’ काम धरावं, अशी भूमिका २०२० साली केंद्रीय पातळीवर घेतली गेली. त्यावर वाद झाला, हरित लवाद आणि उच्च न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली. प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून ना-हरकत दिली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली.

या बंदरासाठी समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. एकरांत सांगायचं तर साडेतीन हजारांहून अधिक. संपूर्ण तालुक्यात उद्योगांना दिलेल्या ५०० एकरांच्या सात पट, आणि तेही किनाऱ्याला लागून. बंदराच्या बाजूने बोलणारे सांगतात की देशाला एवढ्या खोलीच्या बंदराची गरज आहे आणि त्यातून लाखो रोजगार उभे राहतील. मच्छीमार आणि डायमेकर सांगतात की आमचा आज हातात असलेला रोजगार जातो. या वादाचा निवाडा मी इथे करत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की सर्वात मोठ्या कामासाठी नियमातल्या एका शब्दाचा अर्थ नव्याने लागू शकला; पण पाड्यावरच्या दोन खोल्यांसाठी, ओसरीवरच्या कोरणीसाठी, तसा अर्थ लावून द्यायला तेवढ्या तातडीने कुणी बसलं नाही. नियम सुधारण्याची सुरुवात जर वरच्या टोकाने झाली असेल, तर आता निदान दुसरं टोक हाती घ्यायला हवं.

आणि त्याची घाई आहे. बंदर समुद्रात होईल, पण त्याचं गाव जमिनीवर बसेल. कंटेनरचे तळ, गोदामं, ट्रकांची पार्किंग, ढाबे, गॅरेज, भाड्याच्या चाळी, बाहेरून आलेल्या कामगारांच्या खोल्या, हे सारं चारोटी नाक्यापासून वाणगाव-वरोरपर्यंत आणि महामार्गाने तलासरी-अच्छाडपर्यंत पसरायला परवानगीची वाट पाहत बसणार नाही. न्हावा-शेवा बंदराभोवती उरण-पनवेलच्या शेतात काय झालं, ते आपण पाहिलं आहे. आधी गोदाम उभं राहतं, मग ते नियमित करण्याचा अर्ज येतो. तिथे रेघ आधी ओढली तरच तिचा उपयोग.

राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रासाठी एकत्रित बांधकाम नियमावली लागू केली. त्या वेळी पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेशातल्या नगरपरिषदा तिच्यातून वगळल्या गेल्या होत्या. कारण उघड आहे, मुंबई-पुण्याच्या इमारतींचं माप डहाणूला चालणार नाही. पण वगळणं म्हणजे सुधारणा नव्हे. नाजूक प्रदेशासाठी वेगळी, साधी, त्याच्या मापाची नियमावली हवी.

माप कसं घ्यावं?

ती कशी असावी, याबद्दल माझ्या मते चार गोष्टी आधी व्हायला हव्यात.

पहिली, प्रत्येक पाडा नकाशावर यावा. नुसता महसुली गावाचा ठिपका नको. पाड्याचं नाव, त्याची घरं, विहीर, स्मशान, देवाची जागा, गुरांची वाट. आणि पाड्याभोवती त्याच कुटुंबांच्या पुढच्या पिढीच्या घरांसाठी जागा राखावी. ही जागा विक्रीसाठी खुली होऊ नये. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही, असं आपला महसूल कायदा सांगतो. रहिवास क्षेत्राचा रंग लागला की जमिनीचा भाव वाढतो आणि मागच्या दाराने व्यवहार सुरू होतात. घर बांधण्याचा हक्क वाढावा, पण विकत घेणाऱ्याची वाट रुंद होऊ नये, ही काळजी घ्यावी लागेल.

दुसरी, लहान धंद्यांसाठी मापावर आधारलेला नियम. घराच्या किती भागात, किती अश्वशक्तीपर्यंत, किती माणसं, सांडपाणी कोणतं, आवाज किती, रात्री काम चालणार का, एवढं एका पानावर लिहावं. त्या मापात बसणाऱ्याला ग्रामपंचायतीच्या नोंदीवर धंदा करता यावा. मापाबाहेर गेला तर त्याने नेमलेल्या जागेत जावं. आणि लाल यादी मात्र लालच राहावी; त्यात सूट नको.

तिसरी गोष्ट भूकंपाची. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, थंडीच्या रात्री लोक मुलाबाळांसह बाहेर तंबूंत झोपले. कुडाच्या भिंती धक्क्याने हलतात, पण अंगावर कोसळत नाहीत. कच्च्या विटांवर जड स्लॅब टाकलेलं घर जास्त धोक्याचं. म्हणून इथल्या नियमांत चटई क्षेत्राच्या हिशेबाआधी भिंत कशी बांधावी, कोपऱ्याला आणि दाराच्या वर पट्टा कसा द्यावा, हलकं छप्पर कसं बसवावं, हे चित्रांसह यायला हवं. घरकुल योजनेतून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला ते लागू असावं. घराचा नियम हा शेवटी घरातल्या माणसाच्या जिवासाठी असतो.

चौथी गोष्ट पद्धतीची. नियोजनाचा मसुदा राजपत्रात येतो, वर्तमानपत्रात लहान अक्षरात नोटीस लागते, हरकती-सूचना मागवल्या जातात. उधवा किंवा सायवनच्या पाड्यावरचा माणूस ती नोटीस वाचणार केव्हा आणि हरकत लिहिणार कुणाकडून? १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला मान देतो. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असं तो सांगतो. महाराष्ट्राचे या कायद्याखालचे नियमही २०१४ साली झाले. मग आराखड्याचा नकाशा आधी ग्रामसभेत का उलगडू नये? मोठा नकाशा, सोप्या मराठीत, पाड्यांची नावं लोक बोलतात तशी. बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लावा. बायकांना वेगळं विचारा, कारण पाण्याची, सरपणाची, गुरांची वाट त्यांना ठाऊक असते. ज्या वाटेला नकाशात रंग नाही, ती वाट एक दिवस कुणाच्या तरी कुंपणाने बंद होते.

शेवटचं राखणाऱ्याबद्दल. डहाणूची रेघ टिकली ती तिच्यावर कुणीतरी नेमून बसलेलं होतं म्हणून. नव्या नियमांनाही तसा राखणदार लागेल. तो मुंबईत बसून भागणार नाही. त्याचं कार्यालय तालुक्याच्या गावी असावं, तक्रार तोंडी घेतली जावी आणि दिलेल्या प्रत्येक परवानगीची यादी पंचायतीच्या फळ्यावर लागावी. कुणाला काय मिळालं हे सगळ्यांना दिसलं, की निम्मी लबाडी तिथेच थांबते.

श्रोतेहो, डहाणू-तलासरीकडे बाहेरून पाहणारे दोन प्रकारचे आहेत. एकाला तिथे नुसती हिरवळ दिसते आणि ती काचेच्या कपाटात ठेवावीशी वाटते. दुसऱ्याला मोकळी जमीन दिसते आणि ती भरून काढावीशी वाटते. या दोघांच्या मध्ये २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांहून अधिक माणसं राहतात. त्यांना घर हवं, कोरणी ठेवायला टेबल हवं, जाळं वाळवायला किनारा हवा आणि पोरांना आपल्याच तालुक्यात काम हवं. पाचशे एकरांची रेघ त्यांच्या हवेसाठी आणि पाण्यासाठी ओढली होती. ती पुसू नये. पण रेघेच्या आत राहणाऱ्यांना राहण्याचे आणि कमावण्याचे नियम आता तरी त्यांच्या मापाने लिहून द्यावेत, आणि बंदराचा पहिला ट्रक चारोटी नाक्यावर येण्याआधी द्यावेत.